कडूबाईनं लिलावात मारलेली गाठ

माझी आजेसासू कडूबाई. तिच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरं तरी राहावं, देवाच्या डोळ्यात भरू नये, म्हणून आईबापांनी नाव ठेवलं कडू. ती राहिली आणि चांगली ऐंशीच्या पुढं जगली. मी लग्न होऊन चकलांब्याच्या वरच्या आमच्या वाडीत आले तेव्हा तिच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं, पण लोकर चिमटीत धरली की ती कोकराची की म्हाताऱ्या मेंढीची, पावसाळ्याआधी कातरलेली की नंतर, हे ती न बघता सांगायची. एकादशीला नारायणगडाच्या दिशेनं हात जोडायची आणि मग दिवसभर सूत कातत बसायची. देव देव फार करायची नाही. म्हणायची, मी कुठं बसते ते त्याला म्हाईत हाय.

लिलावाची गोष्ट मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल, मोजदाद नाही. ती सांगायला लागली की चरखा थांबायचा. आधी ती बसून सांगायची, मग गुडघ्यावर यायची आणि लिलाव पुकारणाऱ्या बंकटनं पहिली बोली काढली त्या जागेला आली की उठून उभीच राहायची. माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, आत्याबाई, पडाल. ती पडली नाही कधी.

निजामाचं राज्य होतं. संवत छपन्नच्या, म्हणजे एकोणीसशे सालच्या मोठ्या दुष्काळाला दहा-अकरा वर्षं झाली होती. कडूबाई पंचविशीची असेल. नवरा सटवा घोंगड्या विणायचा. घरात मातीच्या जमिनीत कमरेएवढा खड्डा होता, त्यात पाय सोडून सटवा मागावर बसायचा. लोकर पिंजायची, सूत कातायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची ही कामं कडूबाईची. विणायचं काम सटवाचं. आणि घोंगडी मागावरून उतरली की शेवटचं काम पुन्हा कडूबाईचं, ते म्हणजे दशांच्या गाठी.

या गाठींची आमच्या घरात एक रीत होती. दुसरीकडं होती की नाही मला माहीत नाही. घोंगडीच्या दोन्ही टोकांना सुताच्या मोकळ्या दशा राहतात. त्या बाजारात नेतानाही तशाच मोकळ्या ठेवायच्या. घेणारा ठरला की कडूबाई त्याला विचारायची, कोण पांघरणार? लेकरू असेल तर बारीक बारीक गाठी, म्हणजे त्याच्या बोटात दशा अडकू नयेत. म्हातारं माणूस असेल तर जाड गाठी, म्हणजे थंडीत बोटं वळत नसली तरी घोंगडी ओढून घेता यावी. नवरीसाठी दोन दोन दशांची जोडगाठ. गाठ मारताना त्या माणसाचं नाव मनात घ्यायचं. गाठी होईपर्यंत घोंगडी आपली, गाठी झाल्या की त्याची. आणि देवाला द्यायची असेल तर, हे मात्र धनगरांत सगळीकडंच, सगळ्या दशा एकत्र करून टोकाला एकच मोठी गाठ. ती देवाची. ती मग माणसानं अंगावर घ्यायची नाही की पायाखाली घालायची नाही.

सटवाच्या हाताचं नाव पंचक्रोशीत होतं. त्याची घोंगडी पावसात तासभर धरली तरी आतून थेंब गळायचा नाही. अशा माणसाकडं लोक मागायला येणारच. सप्ताहवाले यायचे, कीर्तनाला बुवांना बसायला एक द्या. पैठणला अन्नदान करणारे यायचे. कुठं मारुतीच्या पाराचं काम निघालं की तिथले यायचे. शाळेचे मास्तर आले, पोरांना बसायला द्या म्हणाले. सगळ्यांचं बोलणं एकच. तुमचं काय, हातचंच हाय. मेंढरं तुमची, लोकर तुमची, माग तुमचा. तुमाला काय पडतंय?

एक घोंगडी म्हणजे आठ-दहा मेंढरांची लोकर, महिनाभराचं सूत आणि चार-पाच दिवसांचं विणकाम, हे त्यांना कोण सांगणार? सटवा तर सांगणारच नाही. दुष्काळात त्याची मेंढरं मेली, अकरा उरली, आणि हा वीस वर्षांचा गडी एका मठाच्या अन्नछत्रात पंगतीत बसून पाच महिने जगला होता. त्या भाकरीचं ओझं त्याच्या मानेवर कायमचं होतं. कुणी देवाचं नाव घेऊन दारात उभं राहिलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची. न्या, एवढंच निघायचं तोंडातून. कडूबाईला देण्याचं वाईट वाटत नव्हतं. ती स्वतः म्हणायची, दिलं न्हाई तर हात आटत्यात. पण कुणाला दिलं, त्यानं काय केलं, हे तिला कळायला पाहिजे असायचं.

त्यात सगळ्यात मोठं मागणं खंडोबाच्या जत्रेचं. आमच्या वाडीच्या माळावर खंडोबाचं ठाणं आहे, चंपाषष्ठीला जत्रा भरते. पंचांचे पुढारी होते सुंदरराव, जमीनजुमला असलेले, तहसिलीत उठबस असलेले गृहस्थ. माणूस वाईट नव्हता. जत्रेकरूंना थंडीत उघड्यावर निजावं लागतं म्हणून धर्मशाळा बांधायची त्यांनी मनावर घेतली होती. दर साली ते सटवाकडून एक घोंगडी न्यायचे. कडूबाई दशांची एक गाठ मारून द्यायची आणि मनात म्हणायची, देवाच्या अंगावर आपल्या घरची ऊब हाय. तीन सालं असं चाललं.

चौथ्या साली, जत्रेच्या महिनाभर आधी, कडूबाई चकलांब्याच्या बाजाराला सूत विकायला गेली. तिथं एक बैलगाडी उभी होती. गाडीत कपाशीची बोचकी, बोचक्यांखाली घोंगडी आणि घोंगडीच्या टोकाला सगळ्या दशांची मिळून एकच मोठी गाठ. गाठ शेणात बरबटलेली. तिनं जवळ जाऊन हातात धरली. हात तिचाच, गाठ तिचीच. गाडीवान म्हणाला, का वं बाई, काय बघताय? गाडी आप्पारावांची हाय. मालकानं जत्रेत लिलावात घेतली, दीड रुपयात. बैल गारठले की त्यांच्याखाली घालतो, न्हाईतर हितं.

तेव्हा तिला कळलं की देवाला आलेल्या वस्तूंचा संध्याकाळी लिलाव होतो आणि पैसा धर्मशाळेला जातो. बायका दर्शन घेऊन, रोडग्यांचा नैवेद्य दाखवून, दुपारीच परत फिरायच्या, म्हणून तिनं लिलाव कधी पाहिलाच नव्हता. सटवाला माहीत होतं. त्यानं तीन सालं सांगितलं नाही. तिनं देवाची म्हणून बांधलेली गाठ बैलाच्या खुराखाली होती.

त्याच बाजारात तिला दुसरंही कळलं. एका बाईला ती घोंगडीचा भाव तीन रुपये सांगत होती, तर ती बाई म्हणाली, जत्रेपतूर थांबते की, तुमचीच दीडला मिळती. 

कडूबाई घरी आली ती पाय आपटीत. सटवा मागावरच होता. ती काय काय बोलली ते तिनं मला कधी सांगितलं नाही, एवढंच म्हणायची की त्या दिवशी मी लई बोलले आणि तो खड्ड्यात असल्यामुळं त्याला पळता आलं न्हाई.

आता खरी अडचण ऐका. इतकं देऊन देऊन घरातली लोकर संपली होती. मागावर जी घोंगडी होती ती शेवटची. पण ती साधी नव्हती. कोकराची पहिली लोकर, तिला जावळ म्हणतात, ती भारी मऊ असते आणि एका कोकराची मूठभरच निघते. दोन वर्षं साठवून साठवून कडूबाईनं ती कातली होती. काळी, मधून मेंढीच्याच रंगाची तांबूस रेघ. गेवराईकडच्या एका मोठ्या कळपवाल्यानं ती मागावरच पाहिली होती आणि कबूल केलं होतं की जत्रा झाली की घेऊन या, बदल्यात माझ्या कळपाची दोन कातरणींची लोकर देतो. म्हणजे वर्षभर माग चालला असता. ते झालं नाही तर माग बंद. सटवा दुसऱ्याची मेंढरं राखायला गोदाकाठाकडं जाणार, आणि मागाचा खड्डा बुजवायचा, हे नवरा-बायकोत बोलून ठरलं होतं. कडूबाईच्या लेखी मागाचा खड्डा बुजवणं म्हणजे घरातलं जितं माणूस पुरण्यासारखं होतं.

आणि जत्रेच्या आठ दिवस आधी सुंदरराव घोड्यावरून आले. कडूबाई पाण्याला गेली होती. मागावरची घोंगडी बघून ते घोड्यावरून उतरलेच. म्हणाले, सटवा, धर्मशाळेच्या भिंती उभ्या राहिल्या, छपराला पैसा हवा. ही देवाला दे. चार तालुक्यांचे लोक येतात, तुझं नाव होईल, गिऱ्हाइकांची रांग लागंल.

कडूबाई घागर घेऊन दारात आली तेव्हा सुंदरराव घोड्यावर चढत होते आणि सटवा खाली मान घालून उभा होता. ती समजली. घागर तशीच डोक्यावर ठेवून तिनं विचारलं, दिलीत? तो म्हणाला, शब्द गेला.

तिनं सुंदररावांना थांबवलं. शांतपणे म्हणाली, मालक, नाव होईल म्हनता, ते तर झालंय. लोक मागायला येत्यात ते नाव ऐकूनच येत्यात.

सुंदरराव हसले. बाईमाणसाच्या बोलण्यावर हसून सोडून द्यायची त्यांची पद्धत होती. उद्या गडी पाठवतो म्हणाले. कडूबाई म्हणाली, गडी नगं. दशांच्या गाठी राहिल्यात. शब्द दिलाय तर घोंगडी येईल. जत्रेच्या दिशी मीच घेऊन येते.

आठ दिवस तिनं त्या विषयावर तोंड उघडलं नाही. सटवाचा जीव थाऱ्यावर नव्हता. तो म्हणायचा, रागव, पन बोल. ती म्हणायची, घोंगडी देनार हाय. देवाला दिलेला शब्द मोडायचा न्हाई. पन ह्या खेपंला माझ्या रीतीनं देईन. काय रीत ते सांगेना.

चंपाषष्ठीचा दिवस उजाडला. माळ भंडाऱ्यानं पिवळा झाला. हलग्या वाजत होत्या, वाघ्ये नाचत होते, रेवड्यांच्या, बांगड्यांच्या पालांपुढं चालायला वाट नव्हती. कडूबाईनं नैवेद्य दाखवला, भंडारा कपाळी लावला, आणि बाकीच्या बायका परत निघाल्या तशी ती मात्र लिलावाच्या ओट्याशी जाऊन खाली बसली. मांडीवर घडी घातलेली घोंगडी, दशा मोकळ्या. गडीमाणसं बघायला लागली. एकजण सटवाला म्हणाला, का बे सटवा, घरात चूल न्हाई का आज? सटवा गर्दीच्या मागं सरकला.

लिलाव पुकारायचा मान बंकटचा. आवाज असा की पलीकडच्या ओढ्यावरची गुरं कान टवकारत. आधी मानाचा नारळ झाला, मग खण झाले, एक गोऱ्हा झाला. मग बंकटनं कडूबाईपुढं हात केला. तिनं घोंगडी दिली. त्यानं ती झटकून दोन्ही हातांनी उंच धरली, तशी उन्हात ती तांबूस रेघ चमकली आणि माणसं पुढं सरकली.

बंकट म्हणाला, "सटवाच्या हातची, जावळाची. हात लावून बघा, सासुरवाडीची गादीबी इतकी मऊ नसंल. बोला, एक रुपया."

त्या बैलगाडीचे मालक आप्पाराव पुढंच बसले होते, पागोटं तिरकं, मिशीला तूप. त्यांनी बोट वर केलं. सालाबादप्रमाणं एक, सव्वा, दीडवर मिटणार असंच सगळ्यांना वाटत होतं, कारण आप्पारावांच्या पुढं कुणी चढत नसे.

कडूबाई उठून उभी राहिली. पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला.

"बंकटदादा, थांबा जरा. गाठी मारायच्या हायेत."

"घरी मारायच्या होत्या की बाई. हितं कावून?"

"कुनाच्या अंगावर जानार ते कळल्याबिगर गाठ मारता येत न्हाई. आमच्या घरची रीत हाय. बोली लावनाऱ्यानं आधी नाव सांगावं. आन बाजारात हिचं मोल आठ रुपये हाय, तर देवाच्या दारात आठाच्या खाली बोली नगं."

हलगीवाल्याचा हात थांबला. सुंदरराव ओट्यावरून उठले. ते म्हणाले, "देवाला दान दिलं आन वरून अट घालती व्हय?"

कडूबाई ओट्याच्या पायरीवर चढली.

"देवाला न्हाई घातली, मालक. पंचांला घातली. देवाला मी तीन सालं एकगाठीची दिली. ती बैलाखाली बघितली मी. तिथं देव बसलाय का?"

लोकांत कुजबुज सुरू झाली. एकगाठीची घोंगडी म्हणजे काय ते धनगरांना सांगावं लागलं नाही. मागं बसलेल्या मेंढक्यांमधून एक म्हातारा, आश्रुबा त्याचं नाव, काठी टेकून उभा राहिला आणि म्हणाला, बाई खोटं बोलत न्हाई. आमी दुसऱ्या बाजारात बघितली, आमाला वाटलं कुनी चोरून आनली.

सुंदररावांची पंचाईत झाली. रागवावं तर देवाचा अपमान झाल्याचं चारचौघांत निघालेलं, गप्प बसावं तर बाईपुढं हार. ते आप्पारावांकडं बघायला लागले. आप्पारावांचे कान लाल झाले होते. ते म्हणाले, बरं बाई, आठ तर आठ. माझ्याच नावानं मार.

मागून कुणीतरी म्हणालं, मालकाला की बैलाला? माळभर हशा पिकला.

आप्पाराव ताडकन उठले. आता माघार घेणं त्यांच्यानं होणार नव्हतं. म्हणाले, "आईच्या नावानं मार. कौशल्याबाई. झालं समाधान?"

हसू एकदम थांबलं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. कौशल्याबाईंचं सुनेशी पटेना म्हणून दोन वर्षांपासून म्हातारी शेतातल्या खोपीत राहत होती, आणि लेक तिकडं फिरकत नव्हता. गावात कुणी ते तोंडावर बोलत नसे. कडूबाईही बोलली नाही. ती म्हणाली, लई चांगलं नाव हाय. बोला आठ.

आणि मग लिलाव पेटला. गेवराईच्या एका दुकानदारानं पहिलटकरीण सुनेचं नाव घेतलं आणि नऊ म्हणाला. मास्तरांनी आपल्या दम्यानं आजारी बापाचं नाव घेऊन दहा म्हटलं आणि लगेच दचकून खाली बसले. एकानं नुकत्याच झालेल्या नातीचं नाव सांगितलं, एकानं पंढरीत असलेल्या भावाचं. प्रत्येक बोलीबरोबर एक माणूस तिथं उभं राहत होतं, कुणी आजारी, कुणी बाळंत, कुणी म्हातारं. कडूबाई म्हणायची, तोपर्यंत मला वाटलंच नव्हतं की माळावर इतकी गारठलेली माणसं असतील. बाराला दुकानदार, तेराला आप्पाराव, चौदाला दुकानदार. बंकटच्या अंगात आलं होतं. त्याचा आवाज बसायला आला, तरी तो थांबेना. सोळा. सतरा. हलगीवाला प्रत्येक बोलीला एक टिपरू हाणायला लागला.

अठराला आप्पाराव घुटमळले. बंकटनं घोंगडी त्यांच्या तोंडापुढं नाचवली.

"मालक, आईच्या नावावर माघार घेता?"

"एकवीस," आप्पाराव ओरडले.

दुकानदारानं हात जोडले. हलगी कडाडली. त्या ओट्यावर घोंगडीला एकवीस रुपये कधी कुणी ऐकले नव्हते. सुंदररावांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. राग कुठं गेला ते त्यांनाही कळेना, छपराच्या पत्र्यांची थप्पी डोळ्यांपुढं दिसत असणार.

आप्पारावांनी घोंगडीला हात घातला. कडूबाईनं ती बंकटच्या हातून घेऊन छातीशी धरली. म्हणाली, गाठी राहिल्यात. म्हाताऱ्या मानसाच्या गाठी बोटं बघून माराव्या लागत्यात. आईला आना.

आता हे फार झालं असं सटवाला वाटलं, तो पुढं सरसावला. पण आप्पाराव त्याच्याआधी वळले. सगळी जत्रा त्यांच्याकडं बघत होती. त्यांनी गाडीवानाला हाक मारली नाही. स्वतः गाडीवर बसले आणि बैलांना हाकलं. शेत काही लांब नव्हतं. पण तेवढ्या वेळात एक माणूस जागचा हलला नाही. रेवडीवालेसुद्धा पालं सोडून ओट्याशी आले.

गाडी आली. आप्पारावांनी म्हातारीला दोन्ही हातांनी धरून उतरवलं. कौशल्याबाई अगदी काटकुळी झाली होती, पण नजर तल्लख. एवढी गर्दी बघून तिला वाटलं कुणीतरी मेलं. कडूबाईनं तिला ओट्यावर बसवलं, तिची बोटं आपल्या हातात घेतली, उघडून मिटवून बघितली. सांधे सुजलेले. मग तिनं दशा हातात घेतल्या आणि जाड, चांगल्या सुपारीएवढ्या गाठी मारायला सुरुवात केली. एका टोकाच्या झाल्या, दुसऱ्या टोकाच्या झाल्या. शेवटची मारून घोंगडी तिच्या खांद्यावरून टाकली.

म्हातारीनं ती चाचपली. गाठ मुठीत धरून ओढून बघितली. ओढता आली. मग विचारलं, "कुनी घेतली गं ही?"

"तुमच्या लेकानं. देवाच्या दारात, तुमच्या नावानं."

"आप्प्यानं?" म्हातारी लेकाकडं बघत म्हणाली. "कितीला घेतलीस रं? फसीवलं असंल तुला."

जत्रा हसली, पण आता त्या हसण्यात कुणाला बोच नव्हती. आप्पारावही हसले आणि पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले. त्या दिवशी म्हातारी खोपीत परत गेली नाही. पुढं सून-सासूचं जमलं की नाही ते मला माहीत नाही. कडूबाई म्हणायची, दुसऱ्याच्या घरातलं आपन कशाला बोला.

ती ओट्यावरून उतरली तेव्हा तिच्या मनात आनंद होता. शब्द पाळला, देवाला भरपूर मिळालं, गाठ योग्य माणसाकडं गेली. पण लोकर गेली. गेवराईच्या कळपवाल्याला द्यायला आता काही नव्हतं. माग बंद होणार, हे तिला उतरताना कळत होतं. तिनं सटवाला शोधलं. तो दिसेना. माणसांचं एक कडं होतं आणि तो त्याच्या मध्ये सापडला होता.

आश्रुबा त्याची बाही धरून म्हणत होता, माझ्या नातवाच्या नावानं एक. दुसरा म्हणत होता, माझी बहीण दिवाळीला आलती, तिला थंडीत बरं न्हाई, तिच्या नावानं. हरलेला दुकानदार सुनेसाठी म्हणत होता, जावळाची नसली तरी चालंल, पन गाठी तुझ्या बायकोनंच मारल्या पाहिजेत. मेंढके तर चार-पाच होते. सटवा सगळ्यांकडं बघत उभा. सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, न्या की.

आश्रुबा म्हणाला, "न्या की काय? फुकट घेऊन गाठीत नाव बांधू का नातवाचं? आमच्यापाशी पैका न्हाई, लोकर हाय. दोन-चार दिसांत आनून टाकतो. एका घोंगडीला लागंल तेवढी घे, आन तेवढीच वर मजुरी म्हनून तुझ्या मागाला ठेव."

सटवानं गर्दीवरून कडूबाईकडं बघितलं. तिनं काही खूण केली नाही. ती नुसती उभी राहिली. मग तो आश्रुबाकडं वळला आणि घसा खाकरून म्हणाला, "बरं. पन लोकर आधी आना. धुऊन आना. काडी-कचरा आसला तर परत पाठवीन."

कडूबाई म्हणायची, लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हासुद्धा तो मला इतका देखणा दिसला नव्हता.

सुंदरराव निघता निघता आले आणि सटवाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, बघ, मी म्हनलो नव्हतो, नाव होईल? कडूबाईनं त्यांना नमस्कार केला. पुढच्या साली ते मागायला आले ते घोड्यावरून उतरून, आणि सरळ तिच्यापुढं येऊन बसले. त्यानंतर ती मरेपर्यंत जत्रेला दर साली एकच घोंगडी गेली, नाव आधी, मोल आधी. सटवाला दुष्काळात जगवणाऱ्या त्या अन्नछत्रात मात्र दर पौष महिन्यात ती न मागता एक घोंगडी स्वतः घेऊन जायची. पंगतीत सगळ्यात जास्त कुडकुडणाऱ्या माणसाला शोधायची, आणि त्याच्याजवळ बसून गाठी मारायची. बाकी कुणी मागायला आलं तर सटवा पाणी द्यायचा, गूळ द्यायचा, आणि सांगायचा की औंदाची दिली.

जत्रेनंतर चौथ्या दिवशी सकाळी आश्रुबा आला. बरोबर दोन गाढवं, दोन्हींवर लोकरीची गाठोडी. त्याच्यामागं दुपारपर्यंत आणखी तिघं आले. घरात ठेवायला जागा नव्हती. उतरंड हलवली, कणगी बाहेर काढली, तरी लोकर भिंतीला टेकून आढ्यापर्यंत गेली. शेवटी कडूबाईनं चूलच अंगणात मांडली. ती तव्यावर भाकरी टाकत होती आणि घराच्या आत मागाच्या खड्ड्यात बसलेला सटवा, तोंड न दिसता, तिला विचारत होता, पयली कुनाची धरू? नातवाची का बहिनीची?

तिनं भाकरी उलटली आणि ओरडून सांगितलं, "बहिनीची. तिला थंडी वाजती."